गोल्फचा ड्रेस कोड: खडेबाजारात काय निभावतं आणि काय नाही

गोल्फचे म्हणून जे कपडे महागात विकतात, त्यातली पँट बेळगावच्या खडेबाजारात शिवून घ्यावी, टी-शर्ट तपासून साधाच घ्यावा आणि वाचलेले सगळे पैसे बुटात घालावेत. टोपी आणि पट्टा घरात असतातच. आमचा निकाल हा असा आहे. तो तसा का, ते आता कापडापासून सांगतो.

ड्रेस कोडची पाटी दहा-पंधरा ओळींची असते आणि बहुतेक ठिकाणी नुसती इंग्रजीत असते. पाट्यांच्या भाषेवरून एवढं रामायण झालेल्या आपल्या भागात या एका पाटीबद्दल कुणाची तक्रार ऐकू येत नाही, हेही एक नवलच. पण उभं राहून तपासणारा माणूस पंधरा ओळी तपासत बसत नाही. त्याची नजर चार ठिकाणी फिरते: कॉलर आहे का, शर्ट इन केलाय का, पँटचे खिसे कसले आहेत आणि बुटाचा तळवा कसला आहे. या चार जागा सांभाळल्या की शर्ट शंभर रुपयांचा आहे की पाच हजारांचा, हे कुणी विचारत नाही.

आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फच्या दोन मुख्य संस्था मिळून गोल्फच्या नियमांचं जे पुस्तक काढतात, त्यात कॉलर घाला असं सांगणारा नियम नाही. नियम 1.2 बी एवढंच म्हणतो की मैदानाच्या समितीला आपली आचारसंहिता करता येईल. म्हणजे जेवढी मैदानं तेवढ्या वह्या. 1876 पासूनचा बंगलोर गोल्फ क्लब, पुण्याचं येरवड्यातलं मैदान आणि आपल्या बेळगाव कॅम्पातलं लष्करी मैदान यांचा कोड सत्तर-ऐंशी टक्के सारखा निघेल. अडणार ते उरलेल्या वीस टक्क्यांत. हाफ पँट चालते का, कुर्ता चालतो का, मोजे घोट्यापर्यंतचे चालतात का, हे फोनवर विचारूनच निघावं. (लष्करी मैदानांच्या कागदोपत्री नावात हल्ली गोल्फ हा शब्दही नसतो. आर्मी एन्व्हायर्नमेंटल पार्क अँड ट्रेनिंग एरिया असं लांबलचक नाव असतं. 2022 च्या ऑगस्टमध्ये कॅम्पातल्या मैदानात बिबट्या शिरला तेव्हा अर्ध्या गावाला इथं गोल्फ कोर्स आहे हे कळलं. त्याला मात्र कुणी कॉलर विचारली नाही.)

पँटपासून सुरुवात. तयार गोल्फ पँटमध्ये तुम्ही तीन गोष्टींचे पैसे देता: ताणणारं कापड, कमरेच्या आतली रबरी पट्टी आणि ब्रँडचा लोगो. पहिल्या दोन्ही गोष्टी आपल्याकडच्या चांगल्या शिंप्याला नवीन नाहीत. कापड पॉलिस्टर-व्हिस्कोसचं, त्यात दोन-तीन टक्के लायक्रा असलेलं घ्या. 58 इंच पन्ह्याचं सव्वा मीटर बस्स होतं. कंबर 38 च्या पुढं असेल किंवा उंची सहा फुटांच्या आसपास असेल तर दीड मीटर. निव्वळ सुती ट्विल दुकानात हाताला छान लागतं, पण सकाळच्या दवात गुडघ्यापर्यंत पाणी पितं आणि नवव्या होलपर्यंत, म्हणजे अर्ध्या फेरीत, मागं चुण्यांचं जाळं होतं. लिनन तर नकोच.

मापं देताना शिंपी ऑफिसची पँट डोळ्यांपुढं ठेवतो, आणि बहुतेक गडबडीचं मूळ तिथंच आहे. ऑफिसात माणूस बसतो. गोल्फमध्ये तो पाय खांद्याएवढे फाकवून कमरेत वाकतो आणि तसाच अंग पिळतो. आसन अर्धा इंच जास्त, मांडीत दोन इंच सैल, बॉटम साडेचौदा ते साडेपंधरा इंच असं स्पष्ट सांगा. आता बारा इंचांच्या बॉटमची फॅशन आहे, पण ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) उतार बघायला उकिडवं बसलं की असली पँट पोटरीवर चढते आणि उठल्यावर तिथंच अडकून राहते. उंचीचं माप चपलेवर देऊ नका. गोल्फचे बूट पिशवीतून न्या. त्यांचा तळवा जाड असतो, चपलेवर बरोबर बसलेली पँट बुटावर आखूड दिसते. बॉटम टाचेच्या वरच्या कडेला टेकावा, त्याखाली जाऊ नये, नाहीतर जून ते सप्टेंबर तुम्ही तांबडी माती घरी नेत राहाल.

आता ग्रिपर. कंबरपट्टीच्या आतून रबराच्या दोन-तीन रेघा असलेली पट्टी शिवून मिळते. सूट-सफारी शिवणाऱ्या सगळ्यांकडे ती असते. शर्ट बाहेर निघतो ही ड्रेस कोडमधली सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक आहे, आणि तिच्यावर एवढा स्वस्त इलाज दुसरा नाही. पट्टीचं रबर शर्टाकडं यायला हवं. उलटी शिवलेली पट्टीही बघण्यात आली आहे, ती फक्त पोटाला खाजवते. लूप पाचऐवजी सात घ्या, म्हणजे मागं पँट आणि पट्टा यांच्यात फट पडत नाही.

खिसे क्रॉस घ्यावेत, साडेसहा इंच तोंडाचे आणि हात मनगटापर्यंत जाईल एवढे खोल. आत टी (चेंडू ठेवायच्या खुंट्या) असतात, त्यांची टोकं पातळ पॉकेटिंग महिन्या-दोन महिन्यांत भोकसतात, म्हणून पॉकेटिंग जाड किंवा डबल मागा. चेंडूचा व्यास निदान 42.67 मिलिमीटर असतो. खिसा उथळ असला की वाकताना तो बाहेर येतो. मागचा उजवा खिसा बिनबटणाचा ठेवा, त्यात हातमोजा जातो. डाव्या खिशाला बटण असू द्या, तिथं पाकीट.

बिघडतं ते असं. लायक्राचं कापड आधी पाण्यातून काढलं नाही तर पहिल्या धुण्यात उंची पाऊण इंच जाते. साध्या सुईनं शिवलं तर टाके सुटत जातात; बॉलपॉइंट सुई लावायला सांगा. आसनाची शिवण एकेरी राहिली तर एखाद्या जोराच्या फटक्यात ती उसवते. तिथं डबल शिलाई, पॉलिस्टरचा दोरा आणि मागं एक इंच मार्जिन मागून घ्या. ट्रायलला आरशासमोर ताठ उभं राहण्यात अर्थ नाही. उकिडवं बसा, वाकून क्लब (गोल्फची काठी) धरल्यासारखे हात करा, उजवीकडं-डावीकडं वळा. मांडीवर आडव्या चुण्या ताणल्या तर तिथल्या तिथं सांगा, घरी आल्यावर शिंप्याला दिवाळीपर्यंत वेळ नसतो. कापड आणि शिलाई मिळून खर्च नावाजलेल्या ब्रँडच्या तयार पँटच्या निम्म्याहून कमी येतो, आणि अंगाला ती जास्त चांगली बसते. इथं आमची शिफारस बिनशर्त.

टी-शर्टचं तसं नाही. विणलेलं कापड शिवणं हे आपल्याकडच्या शिंप्याचं काम नव्हे, तो तयारच घ्यावा. सुती पिके (पोलोचं खडबडीत विणीचं कापड) 180 ते 220 जीएसएमचं (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) दिसायला उत्तम, पण बेळगावच्या मार्च-एप्रिलच्या दुपारी घामानं जड होतं. पॉलिस्टर 140 ते 160 जीएसएमचं लवकर वाळतं. स्वस्तातलं असेल तर दहा धुण्यांनंतर घामाचा वास त्यात मुक्काम करतो. डेकॅथलॉनच्या इनेसिसचे साधे पोलो या दोन्हींच्या मधले म्हणून ठीक आहेत. गणपत गल्लीत मिळणारे साधे तिरुपूरचे पोलोही चालतात, अट एकच: कॉलर बघून घ्या. रिबची विणलेली कॉलर पाच-सहा धुण्यांत कान वर करते, पापड भाजल्यासारखी. शर्टाच्याच कापडाची, आतून पट्टी दिलेली कॉलर बसून राहते. कॉलर दोन बोटांत दुमडून सोडा. ती आपली आपण सपाट झाली तर घ्या.

दुसरी परीक्षा लांबीची. स्लिम फिट पोलो 27 इंचांचा असतो आणि तो बाहेर सोडून घालण्यासाठीच कापलेला असतो. पाच फूट आठ इंच उंचीच्या माणसाला इन राहायला 29 ते 30 इंच लागतात. ट्रायल रूममध्ये शर्ट इन करा, दोन्ही हात डोक्यावर न्या, खाली आणा, खांदे वळवा. दोन इंचांहून जास्त बाहेर आला तर परत द्या. काखेचा घेर फार खाली उतरलेला असेल तर लांबी असूनही शर्ट वर ओढला जातो, कारण हात उचलला की अख्खं अंगच वर जातं. गल्लीतल्या क्रिकेट टूर्नामेंटसाठी छापलेले, पाठीवर प्रायोजकाचं नाव असलेले टी-शर्ट कॉलर असूनही बऱ्याच ठिकाणी अडतात. मोठं लिखाण पाटीवरच्या नियमात बसत नाही.

कॉलर नसलेला, पण मानेशी दोन बोटं उभा राहणारा मॉक-नेक बहुतेक ठिकाणी चालतो. टोपीचा स्वेटशर्ट म्हणजे हुडी हा वादाचा विषय आहे. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या टायरल हॅटन या व्यावसायिक खेळाडूनं हुडी घालून वेंटवर्थची बीएमडब्ल्यू पीजीए चँपियनशिप जिंकली आणि इंग्लंडात क्लबाक्लबांत कोडावर चर्चा झडली. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी बिनबाह्यांचा स्वेटर किंवा साधा विंडचीटर न्यावा. वादाला जागाच नको.

खिशांकडं येऊ. डेनिम चालत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, तरी माणसं अडतात, कारण ती डेनिम नसलेली जीन्स घालून येतात. सुती, खाकी किंवा काळी, पण पाच खिशांची. तपासणारा कापडाला हात लावत नाही. तो उजव्या खिशातला नाण्याचा छोटा खिसा बघतो, खिशाच्या कोपऱ्यावरची तांब्याची रिव्हेट बघतो आणि पाठमोऱ्या माणसाच्या कमरेखालचा व्ही आकाराचा योक, म्हणजे जोडाची पट्टी, बघतो. यातलं दोन दिसलं की ती त्याच्या लेखी जीन्स. कार्गोचे मांडीवरचे खिसे शिंप्याकडून काढून घ्यायची एक युक्ती चालते. ती करू नका. जिथं खिसा होता तिथला चौकोन न विटलेला, गडद राहतो, टाक्यांच्या भोकांची रांग दिसते आणि ती पँट आधीपेक्षा जास्त संशयास्पद होते.

हाफ पँट शिवलेली, पट्ट्याची, गुडघ्यापर्यंतची. गुडघ्याच्या वर दोन-तीन इंचांपलीकडं गेली की प्रश्न येतो. अमेरिकेतल्या पीजीए टूर या व्यावसायिक मालिकेत आजही स्पर्धेत लांब पँटच लागते. सराव आणि प्रो-ॲम (हौशी खेळाडूंबरोबरचे सामने) यांपुरती हाफ पँटची मुभा 2019 च्या फेब्रुवारीत मिळाली. लिव्ह गोल्फ या प्रतिस्पर्धी मालिकेनं 2022 मध्ये स्पर्धेतच परवानगी दिली. टीव्हीवर दिसलं म्हणून इथं चालेल, हे गणित म्हणूनच चुकतं.

बायकांच्या कोडात साधारण असा हिशोब असतो: कॉलर किंवा बाही, दोन्हींपैकी एक हवी. बिनबाह्यांचा पण कॉलरचा टॉप चालतो, कॉलर नसलेला पण बाह्यांचा बऱ्याच ठिकाणी चालतो, दोन्ही नसलेला नाही. एलपीजीए या बायकांच्या व्यावसायिक संघटनेनं 2017 मध्ये बिनकॉलरचा रेसरबॅक (पाठीवर खांद्यांकडं कापलेला टॉप) आणि खोल गळा यांवर बंदी घालून 1000 डॉलर दंड ठेवला तेव्हा मोठी टीका झाली. सलवार-कमीजबद्दल पाट्यांवर बहुधा काहीच नसतं, आणि जिथं काहीच नसतं तिथं त्या दिवशी ड्युटीवर कोण आहे त्यावर ठरतं. समित्यांनी हे एका ओळीत लिहून टाकायला काय हरकत आहे?

बूट. चारही नियमांत गवताशी खरा संबंध असलेला नियम हा एकच, म्हणून इथं पैसे घालायचे. पूर्वी गोल्फच्या बुटांना लोखंडी खिळे असत. ग्रीनवर ते गवत उचकटत, आणि तो उचकटलेला भाग पट (ग्रीनवरचा हलका फटका) करण्याआधी दाबून नीट करायची मुभा 2018 पर्यंत नियमात नव्हती. 2019 च्या नियमांत ती मिळाली. 1990 च्या दशकात प्लॅस्टिकचे सॉफ्ट स्पाइक आले आणि एकेका क्लबानं लोखंड बंद केलं. फुटबॉलचे बूट मात्र सॉफ्ट स्पाइकच्या नावाखाली खपवता येत नाहीत. त्यांचे स्टड लांब आणि मोजके असतात, सगळं वजन त्या थोड्या टोकांवर येतं आणि ओल्या ग्रीनवर खड्डे पडतात. क्रिकेटच्या खिळ्यांचं तर नावच काढू नका.

आता दोन पर्याय. स्पाइकलेस, म्हणजे तळव्यालाच बारीक गोट्या असलेले, ऑक्टोबर ते मे उत्तम. गाडी चालवताना बदलावे लागत नाहीत. पण आपल्याकडच्या पावसात तांबडी माती त्या गोट्यांत भरते आणि उतारावर बूट घसरगुंडी होतो. पावसात खेळणार असाल तर बदलता येणारे क्लीट (तळव्याला बसवायचे दाते) असलेले बूट घ्या, एका बुटाला साधारण सहा ते नऊ असतात. दोन दाताच्या चावीनं बसवून पाव वळसा दिला की खट्ट आवाज येतो. आवाज आला नाही तर तो बसलेला नाही आणि तिसऱ्या होलला गवतात राहील. क्लीटवरच्या खुणा झिजल्या की बदलायचे, आठवड्याला एक फेरी असेल तर वर्षातून एकदा-दोनदा. विकत घेताना बुटाची खाच कुठल्या पद्धतीची आहे, फास्ट ट्विस्ट की पिन्स, ते खोक्यावर बघून लिहून ठेवा. एकाचे क्लीट दुसऱ्यात बसत नाहीत, आणि चावी-क्लीट दोन्ही बूट मागवतानाच मागवा. कोपऱ्यावरच्या चप्पलच्या दुकानात ते मिळणार नाहीत.

माप: अमेरिकन कंपन्यांचं पुरुषांचं 9 म्हणजे आपल्याकडचं 8. जुन्या मालावर मोठी सूट दिसली तर थांबा. पॉलियुरेथेनचा तळवा हवेतल्या ओलाव्यानं न वापरताही कुजतो. दोन-तीन पावसाळे गोदामात काढलेला बूट बाहेरून कोरा दिसतो आणि पहिल्याच फेरीत तळवा पाव चुरल्यासारखा गळतो. तळव्याची कड अंगठ्यानं जोरात दाबा. बारीक भेगा उमटल्या किंवा भुकटी हाताला लागली तर फुकट दिला तरी घेऊ नका. पांढरे बूट घेणाऱ्यांना एकच सूचना: तांबड्या मातीचा डाग ओला असताना चोळू नये, वाळू द्यावा, ब्रशनं झाडावा, मग साबण. ब्लीच तर अजिबात नको. तो लोखंडाचा डाग आहे, क्लोरीननं तो अजून पक्का होतो.

आता अंमलबजावणी, आणि इथं गुण कमी. गेटवरचा पहारेकरी गाडीचा पास बघतो, कपडे बघत नाही. नोंदणीच्या खिडकीत पैसे घेतले जातात, कपडे तिथंही बघत नाहीत, कारण खिडकीतून कमरेखालचं काही दिसत नाही. मग पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू होतो त्या जागी, गटांना क्रमानं सोडणारा स्टार्टर बघतो. दोन गटांत आठ-दहा मिनिटांचं अंतर, मागचा गट उभा, आणि तेव्हा कळतं की चौघांतल्या एकाची पँट कार्गो आहे. स्पर्धा असेल तर प्रकरण महागात जातं: नियम 5.3 ए प्रमाणं पाच मिनिटांपर्यंत उशीर झाला तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या प्रकारात) दोन फटक्यांचा दंड, त्याहून जास्त झाला तर बाद. कॅम्पातून टिळकवाडीला जाऊन पँट बदलून पाच मिनिटांत कोण परत येतंय? तपासणी नोंदणीच्या खिडकीआधी व्हावी, आणि ऑफिसात दोन-तीन मापांचे कॉलरचे टी-शर्ट आणि एक पट्टा उसना द्यायला असावा. सगळ्यात लवकर लक्ष असतं ते कॅडीचं, म्हणजे खेळाडूची पिशवी वाहणाऱ्याचं. हलक्या आवाजात ‘साहेब, शर्ट’ म्हणणारा तोच. त्याचं ऐका.

पाहुणे म्हणून जाणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. नियम मोडला तर पत्र तुम्हाला येत नाही, तुम्हाला नेणाऱ्या सभासदाला येतं.

क्लबहाउसचा कोड वेगळा असतो आणि भांडणं बहुतेक तिथलीच. टोपी काढायची, क्लीटचे बूट दारात झाडायचे, हे ठीक. पण जून 2017 मध्ये दिल्ली गोल्फ क्लबच्या जेवणघरातून खासी बाईंना त्यांच्या जैनसेम या पारंपरिक पोशाखावरून बाहेर जायला सांगितलं गेलं. 2014 मध्ये चेन्नईच्या क्रिकेट क्लबात उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना वेष्टीमुळं (तमिळ धोतरामुळं) अडवलं, त्यावर तामिळनाडूनं त्याच वर्षी कायदाच केला. तो त्या राज्यापुरता. आपल्या कर्नाटकात 2024 मध्ये बंगळूरच्या मॉलनं धोतर नेसलेल्या शेतकऱ्याला अडवलं होतं. धोतर आणि फेटा रोज दिसतो अशा जिल्ह्यात क्लबाच्या पाटीवर ‘राष्ट्रीय पोशाख चालेल’ एवढी ओळ स्पष्ट हवी, आणि त्यात काय-काय येतं तेही. कोल्हापुरी चपलेचं बघा: तिच्या जीआय मानांकनात बेळगाव जिल्हाही आहे, अथणीकडं ती घराघरांत बनते, आणि क्लबहाउसच्या दारात ती ‘स्लिपर’ ठरते. मागं पट्टा असलेली सँडल तेवढी आत जाते. ग्रीनवर तिला मज्जाव समजू शकतो. जेवणाच्या टेबलाखाली ती कुठलं गवत खराब करते?

तोवर गाडीच्या डिकीत एक पिशवी कायमची ठेवा: इस्त्रीचा एक पोलो, मोज्यांचा एक जोड, पट्टा, क्लीटची चावी आणि मातीचे बूट घालायला एक सिमेंटची रिकामी गोण, धुऊन.